भोक मोठं झालं म्हणून स्क्रू मोठा नको

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुन्या गाडीचं रंगकाम झालं की डेंटरकडून गाडी घरी येते आणि सोबत एक पिशवी येते. तिच्यात तुटक्या क्लिपा, गंजके स्क्रू, कुठली ते कळत नाही अशी एखादी पट्टी आणि चार वॉशर असतात. यावेळी आलेली बरीचशी पत्रं या पिशवीबद्दलचीच आहेत. त्यांतली सहा निवडली आहेत.

परभणी : माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. रंगासाठी चारही डोअर पॅड (दाराच्या आतले रेक्झिन चढवलेले बोर्ड) काढले, त्यात निम्म्या क्लिपा तुटल्या. मिस्त्रींनी कडेकडेने स्क्रू मारून पॅड बसवून दिले. महिन्याभरात पॅडला लाटा आल्या, स्क्रूपाशी रेक्झिन फाटलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्ध्यावर येऊन अडते. आता क्लिपा कोणत्या आणू?

क्लिपा आणायच्या आधी काच बघा, कारण ती उद्या फुटू शकते. स्क्रूचं टोक काचेला किंवा काच उचलणाऱ्या यंत्रणेला लागत असणार. एकेक स्क्रू काढत जा आणि प्रत्येक वेळी हँडल फिरवून पाहा. ज्या स्क्रूनंतर काच मोकळी चालेल तो दोषी. हिशेब सोपा आहे. हार्डबोर्ड ३ मिमी, रेक्झिन साधारण १, कप वॉशर (स्क्रूच्या डोक्याखालची वाटीसारखी चकती) दीड आणि दाराचा आतला पत्रा ०.९, म्हणजे सगळं मिळून साडेसहा मिमी. अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमीचा स्क्रू घेतला तर मागे जेमतेम सहा मिमी निघतो. घाईत हाताला लागला तो एक इंची स्क्रू मारला की तब्बल एकोणीस मिमी आत घुसतो. तेवढी जागा दारात सगळीकडे नसते.

लाटांचं कारण वेगळं आहे. हार्डबोर्ड पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात आकसतो. क्लिपेसाठी बोर्डाला जे भोक असतं ते बहुधा लांबट, किल्लीच्या भोकासारखं असतं. त्यामुळे बोर्डाला मिलिमीटरभर इकडे-तिकडे सरकता येतं. स्क्रू त्याला जागीच जखडतो. मग फुगलेला बोर्ड दोन स्क्रूंच्या मधे पोट काढतो, आणि ताण स्क्रूपाशी आला की रेक्झिन फाटतं.

क्लिप निवडताना दुकानात "पद्मिनीची द्या" एवढंच म्हणू नका. चाळीस वर्षांत त्या दाराची भोकं कुणी ना कुणी कोरलेली असतात. घरूनच तीन मापं घेऊन जा : दाराच्या पत्र्यातलं भोक, बोर्डातलं भोक, आणि पॅड बसल्यावर बोर्ड व पत्रा यांच्यात उरणारं अंतर. भोकासाठी ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा वापरा. ७ चा सहज जातो आणि ७.५ चा अडतो, तर भोक सातचं समजा. प्लास्टिकच्या झाडासारख्या क्लिपेचे पंख भोकापेक्षा अर्धा ते एक मिमी मोठे हवेत. क्लिप अंगठ्याच्या जोराने आत गेली पाहिजे आणि चिमट्याने उचलल्यावर न मोडता "टप्" करून बाहेर आली पाहिजे. हातोडी लागत असेल तर ती मोठी आहे. स्वतःच्या वजनाने हलत असेल तर लहान. मूळच्या तारेच्या स्प्रिंग क्लिपा शाबूत असतील तर त्या टाकू नका. गंज ब्रशने काढा, बोटाने पाय थोडे फाकवा आणि परत वापरा. उन्हाने त्या ठिसूळ होत नाहीत.

प्लास्टिकमध्ये नायलॉनचीच घ्या. नमुन्याची एक क्लिप दुकानातच वाकवून बघा. वाकवल्यावर पांढरी रेघ उठून तुटली तर तो माल परत करा. आणखी एक गोष्ट फार कमी जण करतात. नायलॉनला थोडी ओल लागते, कोरडं पडलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पुडीतच सुकतं. बसवायच्या आधी क्लिपा दोन-तीन तास कोमट पाण्यात ठेवा, मग पुसून लावा. तुटण्याचं प्रमाण लगेच कमी होतं. पॅड काढतानाही दार उन्हात तापलेलं असताना काढा, डिसेंबरच्या पहाटे नको.

दर १२ ते १५ सेंटीमीटरवर एक क्लिप हवी. दारावरची भोकं मोजा, चारही दारांची बेरीज करा आणि वर पाचवा हिस्सा जास्तीचा घ्या.

बोर्ड फुगून कडेला पापुद्रे सुटले असतील तर नवा कापणं बरं. ३ मिमी हार्डबोर्ड घ्या. रेक्झिन चढवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना आणि खास करून कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं. भोकांच्या खुणा करायला कुंकू वापरा : दाराच्या प्रत्येक भोकात बोथट टोकाचा स्क्रू उलटा चिकटवा, टोकाला तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका लावा, बोर्ड बरोबर जागी धरून एकदाच दाबा. मोजपट्टीने केलेल्या खुणा दोन मिमी तरी चुकतात, कुंकवाच्या चुकत नाहीत.

पॅडच्या मागे पॉलिथिनचा पडदा होता का? बहुधा रंगाच्या वेळी फाडून फेकला असेल. काचेच्या फटीतून दारात पाणी येतंच आणि खालच्या भोकांतून निघून जातं. पडदा नसेल तर ते बोर्डावर उडतं. जाडसर पॉलिथिन ब्यूटिल टेपने (चिकट रबरी टेप) चारी बाजूंनी चिकटवा, खालची कड दाराच्या आत वळवून सोडा. दाराच्या बुडातली पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. शेतातल्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत तिथे काळी माती सिमेंटसारखी बसलेली असते.

मग वरची कड आधी बसवा, तिथून खाली या. तळहात क्लिपेच्या बरोबर वर ठेवून दाबा, दोन क्लिपांच्या मधे दाबलं तर बोर्डच मोडतो. स्क्रू फक्त आर्मरेस्टला आणि जिथे कंपनीनेच दिले होते तिथेच लावा, तेही कप वॉशरसह. खिडकीचं हँडल पिनवर आहे की सी-क्लिपवर (सी आकाराच्या स्प्रिंगवर), हे आधी पाहून घ्या. सी-क्लिप असेल तर हँडलच्या मागे कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं करवतीसारखी ओढा. क्लिप उडते, म्हणून दुसरा हात आडवा धरा.

हिंगोली : ॲम्बॅसॅडरच्या किक-पॅनेलचे (पायांजवळच्या बाजूच्या पॅनेलचे) आणि डिकीतल्या पुठ्ठ्याचे स्क्रू फिरतच राहतात, आवळत नाहीत. आठ नंबरचे होते, दहाचे लावले, आता बारा नंबरचेही फिरतात. एपॉक्सी पुट्टी भरून परत मारू का?

पुट्टी नको. तिला आटे पडतात, पण गाडीच्या हादऱ्यांनी पंधरा दिवसांत भुगा होतो, आणि नंतर त्या जागी वेल्डिंग करायचं म्हटलं तर आधी ती खरवडून काढावी लागते.

या कामातला एकच नियम लक्षात ठेवा : मरायचं असेल तर स्क्रूने मरावं, पत्र्याने नाही. दहा नंबरनंतर बारा, बारानंतर चौदा हा प्रवास पत्र्याच्या खर्चाने होतो. आठ नंबरचा स्क्रू ४.२ मिमीचा, दहाचा ४.८, बाराचा ५.५. एक मिमीच्या पत्र्यात आठ नंबरसाठी भोक ३.२ ते ३.३ मिमी लागतं, सहा नंबरसाठी २.८ आणि दहासाठी ३.८ च्या आसपास. तुमची भोकं आता पाच मिमीच्या पुढे गेली असणार.

भोक पत्र्याच्या कडेपासून जवळ असेल तर यू-क्लिप हा सगळ्यात सोपा उपाय. स्प्रिंग स्टीलची ही घडी कडेवरून पत्र्यावर सरकते आणि स्क्रूचे आटे तिच्यात बसतात. पत्र्यातलं भोक मोठं असलं तरी फरक पडत नाही, उलट स्क्रू त्याला न शिवता जातो. घेताना दोन गोष्टी तपासा : कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि पत्र्याची जाडी. रंगाचे थर चढून पत्रा दीड मिमीचा झाला असेल तर एक मिमीची क्लिप जात नाही. ती ठोकून घालण्याऐवजी कडेचा तेवढा रंग खरवडा आणि उघड्या पत्र्याला प्राइमर लावा.

कड लांब असेल तर चौकोनी भोकातला नायलॉनचा नट चालतो. भोक कानसीने चौकोनी करावं लागतं, पण हा नट गंजत नाही आणि पाण्यालाही बऱ्यापैकी अडवतो. पुठ्ठा, कार्पेटची कड, वायरीचं आवरण अशा हलक्या कामाला हा पुरतो.

रिव्हनट, म्हणजे भोकात घालून पक्कडीने खेचला की मागून फुगून बसणारा आटेवाला नट, हा त्याच्या वरचा उपाय. एम-५ ला (पाच मिमीच्या बोल्टचा) ७ मिमीचं भोक, एम-६ ला ९ मिमीचं. सीटबेल्टला किंवा सीटला रिव्हनट कधीही नाही, तिथे वेल्ड केलेला नटच हवा. ट्रीमलाही (पॅड, पट्ट्या, पुठ्ठे) भोक नीट गोल असेल तरच बसवा. लांबट भोकात तो पकडत नाही, स्क्रूसोबत फिरतो, आणि मग बाहेर काढायला ड्रिलच मारावं लागतं. खेचण्याची पक्कड स्वस्तातली असेल तर ॲल्युमिनियमचे रिव्हनट घ्या, स्टीलचे तिच्याने पूर्ण दबत नाहीत.

आणि खरंच जुनी, मोलाची गाडी असेल तर भोक भरून घ्या. मागे तांब्याची पट्टी धरून मिग वेल्डिंगचा एक ठिपका, वर ग्राइंडर हलका फिरवायचा, मग ३.२ चं नवं भोक. तांब्याला वेल्ड चिकटत नाही, म्हणून मागची बाजू सपाट राहते. हे रंगाच्या आधी व्हायला हवं होतं, पण आतल्या बाजूला असल्यामुळे अजूनही चालेल. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा आणि जवळचा पुठ्ठा, फेल्ट, डांबरी पत्रे दूर करा. ते धुमसत राहतात. डिकीत पेट्रोलच्या टाकीजवळ मात्र वेल्डिंग नको, ठिणगी उडेल असं काहीच नको.

जे स्क्रू अजून धरतात ते परत लावताना एक सवय लावून घ्या. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. अर्ध्या फेऱ्यात तो किंचित खाली पडल्याचं बोटाला कळतं, जुने आटे तिथे सुरू होतात. मग सरळ फिरवा. असं न करता दरवेळी सरळ दाबून फिरवलं की प्रत्येक वेळी नवे आटे कापले जातात, आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोक गुळगुळीत होतं. या कामाला बॅटरीवरचं ड्रिल वापरूच नका.

लातूर : एकाच डब्यात जीप, ॲम्बॅसॅडर आणि फियाटचे स्क्रू मिसळले आहेत. दिसायला सारखेच. ओळखू कसे?

जीप आणि ॲम्बॅसॅडर इंची, फियाट मिलिमीटरची. ॲम्बॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, जीप विलिसवरून, आणि पद्मिनीचं मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्ये. नंतरच्या इसुझू इंजिनाच्या ॲम्बॅसॅडरमध्ये इंजिनाकडे मिलिमीटरचे बोल्ट भेटतील. शिवाय मधल्या काळात कुणी भोकाला नवे आटे पाडले असतील तर मूळ वंशावळ निरुपयोगी. म्हणून शेवटचा निर्णय मापाचाच.

दोन सुती बोल्ट, म्हणजे पाव इंची यूएनएफ (बारीक आट्यांचा इंची), ६.३५ मिमीचा असतो आणि इंचाला २८ आटे. एम-६ सहा मिमीचा, आट्यांमधलं अंतर एक मिमी. एम-६ चा बोल्ट पाव इंची नटात दोन-तीन फेऱ्या जातो आणि मग अडतो. इथेच लोक पाना लावतात आणि नट जातो. उलटं, पाव इंची बोल्ट एम-६ च्या नटात शिरतच नाही. डोक्यावरूनही ओळखता येतं : एम-६ ला १० चा पाना लागतो, पाव इंचीला ७/१६, म्हणजे ११.१ मिमी. अकराचा पाना त्यावर जेमतेम बसतो किंवा अडतो.

खरा घोटाळा दीड सुतीच्या आसपास आहे. १०-३२ (दहा नंबर, इंचाला ३२ आटे) म्हणून मिळणारा स्क्रू ४.८३ मिमीचा, आट्यांतलं अंतर ०.७९. एम-५ पाच मिमीचा, अंतर ०.८. डोळ्याला फरक कळणं शक्य नाही. १०-३२ चा स्क्रू एम-५ च्या नटात सैल पण शेवटपर्यंत जातो आणि आवळल्यासारखा वाटतो. हादऱ्याने सुटतो तो हाच. तेव्हा घरी एम-५, एम-६, १०-३२ आणि पाव इंची यूएनएफ असे चार कोरे, नवे नट तारेत ओवून ठेवा. प्रत्येक स्क्रू फक्त बोटाने त्यांच्यात फिरवा. सैल डुलत नाही आणि अडत नाही तो त्याचा. डब्यातले शंभर स्क्रू तासाभरात वेगळे होतात. लातुरात १०-३२ सुटे मिळाले नाहीत तर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा भागातल्या फास्टनरवाल्यांकडे विचारा. नमुना सोबत न्या, फोनवर सांगून चुकीचाच माल येतो.

जालना : दारावरची स्टेनलेसची लांब पट्टी ६० च्या पुढे वेगाला थरथरते. पेंटर म्हणतो क्लिपा फेका, दोन बाजूंचा टेप लावून देतो. चालेल का?

पट्टी स्वतःहून दाराच्या गोलाईला बसत असेल तर चालेल. हातात धरल्यावर ती सरळ होत असेल, म्हणजे दारावर बसवताना दाबून वाकवावी लागत असेल, तर टेप टिकणार नाही. तिचं टोक रात्रंदिवस टेपला ओढत राहतं. मे महिन्यात दुपारी गडद रंगाच्या दाराला हात लावून बघा, त्या उष्णतेत टेप मऊ पडतो आणि टोक उचलतं.

क्लिपा थरथरतात त्यामागे बहुधा रंगच असतो. नवा रंग आणि प्राइमर भोकात उतरून त्याची कड जाड आणि गोल होते, त्यामुळे स्प्रिंग क्लिपेचा दात पत्र्यामागे अडकत नाही, रंगावर टेकून राहतो. बारीक गोल कानसीने भोक मूळ मापाला आणा, उघड्या पत्र्याला झिंक प्राइमर लावा, तो वाळू द्या, मग क्लिप बसवा. चपट्या झालेल्या क्लिपा पक्कडीने वाकवून परत वापरू नका, थकलेलं स्प्रिंग स्टील पुन्हा चपटं होतं किंवा मोडतं.

पट्टीच्या दोन्ही टोकांना आटेवाल्या खिळीची क्लिप आणि आतून नट असावा. वारा आणि पुसायचं फडकं दोन्ही टोकालाच धरतात. नटाखाली साधा वॉशर आणि स्प्रिंग वॉशर घाला. बोटाने टेकेपर्यंत आणि त्यापुढे पाव फेरा, एवढंच आवळा. जास्त आवळलं तर पट्टीला बाहेरून खळगा दिसतो, आणि स्टेनलेसमधला खळगा काढणारा कारागीर मिळणं मुश्कील. प्रत्येक भोकापाशी क्लिपेखाली ब्यूटिलची वाटाण्याएवढी गोळी ठेवा, नाहीतर दारात पाणी उतरायला नवी वाट मिळते.

टेपच लावायचा ठरला तर ॲक्रिलिक फोमचा घ्या. रंग किमान तीन-चार आठवडे जुना हवा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेली हवी, आणि लावल्यावर तीन दिवस गाडी धुवायची नाही. पकड पूर्ण यायला साधारण ७२ तास लागतात.

बीड : सगळेच स्क्रू स्टेनलेसचे केले तर गंजाचा प्रश्न कायमचा सुटेल ना?

स्क्रूचा सुटेल. पत्र्याचा सुटणार नाही.

स्टेनलेस आणि साधा पत्रा ओलीत एकत्र आले की झीज पत्र्याची होते. लहान स्टेनलेस स्क्रू आणि मोठा पत्रा असेल तर ती झीज संथ असते, पण रंग खरवडलेल्या कडेला ती सुरू होतेच. खरा धोका उलट्या जोडीत आहे. स्टेनलेसच्या लांब पट्टीला ॲल्युमिनियमचा छोटा पॉप रिव्हेट (ओढून बसवायचा पोकळ खिळा) लावला तर सगळा मार त्या रिव्हेटवर येतो. पांढरी भुकटी दिसू लागली की रिव्हेटचं डोकं लवकरच गळणार समजा. स्टेनलेस पट्टीला स्टेनलेसचाच रिव्हेट लावा.

बाजारातल्या "एसएस"मध्ये ३०४ च्या नावाखाली २०२ पुष्कळ विकलं जातं. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. चुंबकाने कळतं ते एवढंच की चकचकीत दिसणारा स्क्रू क्रोमचा मुलामा दिलेलं साधं लोखंड आहे की काय. ३०४ हवं असेल तर डोक्यावर ए-२ कोरलेले बोल्ट घ्या. बारीक स्क्रूवर तसं काही कोरलेलं नसतं, तिथे दुकानदार ओळखीचा असावा.

आतल्या ट्रीमसाठी आमचं मत झिंक मुलामा दिलेल्या साध्या स्क्रूच्या बाजूने. पुसटसं ग्रीस लावून बसवा, दहा वर्षांनी गंजले तर बदला, किंमत नगण्य. स्टेनलेस ठेवा बाहेर दिसणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या जागी, आणि तिथेही नायलॉनच्या वॉशरवर. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आणि जोरात फिरवू नका. आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, मग बोल्ट कापावा लागतो. काहीही लावण्याआधी भोकाच्या उघड्या कडेला काडीपेटीच्या काडीने रेड ऑक्साइडचा थेंब फिरवा. गंज तिथूनच सुरू होतो आणि तिथे ब्रश पोचत नाही.

धाराशिव : गाडी पन्नास वर्षांवरची आहे, व्हिंटेज नोंदणी करायची आहे. पायदानाच्या पट्ट्या पूर्वी स्क्रूने होत्या, आता पॉप रिव्हेट मारले तर अडचण येईल का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. पट्टीच्या स्क्रूवरून कुणी अडवेल असं वाटत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे.

पण रिव्हेट मारू नका, नोंदणीसाठी नाही, गाडीसाठी. पायदानाच्या पट्टीखाली कार्पेट आणि दाराच्या रबराची कड असते, ती दर काही वर्षांनी उचलावी लागते. प्रत्येक वेळी रिव्हेट ड्रिलने काढला की भोक वाढतं आणि रिव्हेटची तुटकी कांडी सिलच्या (दाराखालच्या पेटीसारख्या भागाच्या) पोकळीत पडते. ती तिथे खडखडते, ओल धरते, आणि बाहेर काढता येत नाही. आधीच मारलेले असतील तर ३.२ च्या रिव्हेटला ३.२ चाच बिट वापरा, फक्त डोकं उडेपर्यंत, आणि खाली चिकट टेप लावून कांडी पकडा. मग आठ नंबरचे, खाली निमुळत्या, वर किंचित फुगीर डोक्याचे स्क्रू कप वॉशरसह. सिलमध्ये वायरिंग जात असेल तर बिटवर टेपची गुंडाळी करून पाच मिमीपुढे तो आत जाणार नाही असं करा.